मीडियन म्हणजे मध्यक

दहावीचे गणित दोन भागांत विभागलेले असते, आणि मी त्या दोन्ही भागांत एकाच दुपारी नापास झालो.

रचना आधी सांगतो, म्हणजे अपराध नीट समजेल. भाग एक म्हणजे बीजगणित. त्याच पुस्तकाच्या शेवटी सांख्यिकी. भाग दोन म्हणजे भूमिती. प्रत्येक भागाला लेखी चाळीस गुण, उरलेले वीस शाळेच्या हाती. माझी मुलगी सानिका पेणच्या शाळेत ‘सेमी’ला आहे, म्हणजे इतिहास मराठीतून आणि गणित इंग्रजीतून. मी रोह्याच्या प्राथमिक शाळेत चौथीला शिकवतो आणि माझे सारे गणित मराठीतून झालेले. (चौथीच्या पुढचे गणित मी कित्येक वर्षांत उघडलेले नाही, हे मी घरात कोणाला सांगितले नव्हते.)

तरीही मी पद्धतशीर माणूस आहे. जूनमध्येच मी इंग्रजी संज्ञा आणि त्यांचे मराठी अर्थ यांची सूची तयार केली. समास आखून, दोन रंगांच्या शाईत. भाग एकची सूची पूर्ण झाली, ती पेणच्या रामवाडीतल्या आमच्या घरी फ्रिजवर चिकटवली. भाग दोनची सूची दिवाळीच्या सुट्टीत करायची, असे वेळापत्रकात नमूद होते. क्रम सोडून काम करणे मला जमत नाही.

ऑगस्टमध्ये सानिकाच्या गणिताच्या बाईंनी वर्गाला दहा उदाहरणांचा कागद दिला. रोह्याला शाळाशाळांची गणिताची स्पर्धा होती आणि वर्गातून दोघांनाच जायचे होते. ज्यांची दहाही उत्तरे बरोबर, ते जाणार. सानिकाला जायचेच होते. आठवडाभर ती जेवताना ताटात भाताचे त्रिकोण करून मगच खात होती.

रविवारी दुपारी ती म्हणाली, “झाली दहाही.”

“आण, तपासतो.”

“बाबा, बाईंनी स्वतः सोडवायला सांगितलंय.”

“तपासणे म्हणजे सोडवणे नव्हे,” मी म्हणालो. (हा भेद मला त्याच क्षणी सुचला होता.)

नऊ उदाहरणांवर मी मान डोलावली. त्यांतली चार मला कळलीही. दहाव्यात एक त्रिकोण होता. बाजू सहा, आठ आणि दहा सेंटिमीटर. सर्वांत मोठ्या बाजूवर काढलेली ‘मीडियन’ किती? सानिकाने लिहिले होते, पाच.

मी फ्रिजकडे गेलो. मीडियन म्हणजे मध्यक. आणि मध्यक म्हणजे संख्या चढत्या क्रमाने लावल्यावर येणारी मधली संख्या. सहा, आठ, दहा. बिचाऱ्यांनी क्रमसुद्धा लावून दिलेला.

“उत्तर आठ आहे.”

“आठ कसं?”

“मधली संख्या.”

“मग बाबा, ही वरच्या टोकापासून खाली तुटक रेघ काढलीय ती कशाला?”

“लक्ष विचलित करायला. प्रश्न काढणारे असे करतात.”

सानिकाची आई गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते, माहेर हमरापूरचे. आतून म्हणाली, “पोरीला कळतंय तर तुमचं काय मधी? आमच्यात एकदा आखलेला डोळा पुसत नाय. पुसला की गणपती तिरळा होतो.”

“हा गणपती नाही, त्रिकोण आहे.”

“मग त्याला करा तिरळा.”

मी दुर्लक्ष केले आणि वर्गातली मुले उंचीप्रमाणे उभी करून मध्यक कसा काढतात, हे सानिकाला वीस मिनिटे समजावले. फार चांगले समजावले. तिने कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि खोडरबर उचलला.

मंगळवारी निकाल लागला. दहापैकी नऊ. दुसऱ्या दोघी निवडल्या गेल्या.

“पाचच होतं, बाबा,” एवढेच ती बोलली.

भूमितीतली मीडियन म्हणजे मध्यगा, शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंतची रेघ. तीच ती तुटक रेघ. मराठीने दोन गोष्टींना दोन शब्द दिले आहेत, इंग्रजी एकावर भागवते. त्या संध्याकाळी मी इंग्रजी भाषेला बरेच बोललो. सानिका ऐकायला थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी तिच्या शाळेत गेलो. बाई बाहेर आल्या आणि थबकल्या.

“गुरुजी, तुम्ही? मी प्रणाली. तुम्ही गडबच्या शाळेत होतात तेव्हा चौथीला होते तुमच्याकडे.”

विद्यार्थिनीसमोर मी कबुलीजबाब दिला.

“खोडलेलं पाच मला दिसलं होतं, गुरुजी.”

“मग?”

“खोडलेलं तपासायचं नाय, हे तुम्हीच सांगायचात. माझी एक बेरीज अशीच गेली होती.”

“या वेळी अपवाद…”

“दोघींची नावं गेली रोह्याला. त्यातल्या एकीला काय सांगू, घरी बस?” ती समजुतीने म्हणाली, “तिचं तिला सोडवू द्या. तुम्ही फक्त विचारा, हे कसं आलं. तेवढी मदत पुष्कळ.”

हेच वाक्य मी दर पालकसभेत पालकांना ऐकवतो. बोट उंचावून.

स्पर्धेच्या दिवशी त्या दोघी नेमक्या माझ्याच एसटीत होत्या, मांडीवर कंपास घेऊन. एकीने मागे वळून विचारले, “काका, रोहा आला की सांगाल?” मी सांगितले. बरोबर सांगितले.

संध्याकाळी मी सानिकाला विचारले, “पाच बरोबर आहे हे तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग खोडलंस का?”

“तुम्ही एवढं रंगून समजावत होतात. मला नाय म्हणवेना.”

गणितातली चूक लाल शाईने दाखवता येते. या चुकीवर कुठे खूण करावी, ते मला अजून कळलेले नाही.

आता ती भूमितीला बसली की मी शेजारी मेथी निवडत बसतो आणि तोंड बंद ठेवतो. परवा तिने वहीतून मान वर केली, माझ्यासमोरचे ताट बराच वेळ पाहिले आणि अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, “बाबा, पानं कचऱ्यात चाललीयत. ताटात नुसत्या काड्या आहेत.”