पाण्यातले देव आणि तपकीर

तपकीर वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसायची, कण्हायची आणि थेंबभर लघवी करून उठायची. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. मी दुधात तूप घालून दिलं. ही मांजर माझ्या पत्नीची. ती वारल्यावर दिवेलागणीला दाराशी बसून तिची वाट पाहणारे आम्ही दोघंच उरलो होतो.

जवाहर चौकाजवळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मूत्राशयाच्या तोंडाशी कॅन्सरची गाठ आहे. "अंकल, ठीक तो नहीं होगी. पेट से नली डाल देते हैं, पेशाब निकलता रहेगा, तकलीफ़ कम होगी." मी नको म्हणालो. नुसता आराम मागणं मला देवावरचा अविश्वास वाटला. घरी येऊन देव पाण्यात ठेवले. ती पूर्ण बरी होईपर्यंत बाहेर काढणार नव्हतो. आता स्पष्टच लिहितो, ती भक्ती नव्हती, अडवणूक होती. आणि माझा हट्ट सोसत होती तपकीर.

दुसऱ्या सकाळी थेंबही येईना. शालीत गुंडाळून तिला घेऊन धावलो. दवाखान्यात शेजारी बकरी घेऊन बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "अरे भाईजान, ऐसे भींच के बैठे हो, उसे साँस तो लेने दो!"

"छोड़ूँगा तो भाग जाएगी."

"इस हाल में कहाँ भागेगी? डरे हुए तो तुम हो."

मी हात सैल केले. तपकीर पळाली नाही. तिने हनुवटी माझ्या मनगटावर टेकली. आत गेल्यावर मी एवढंच म्हणालो, "नली डाल दीजिए." बाहेर आलो तेव्हा बाई आणि बकरी, दोघी गेल्या होत्या.

नळीतून सिरिंजने लघवी काढायला मी शिकलो. घरी आल्यावर ती हळूहळू देवघराशी गेली आणि देव ठेवलेल्या घंगाळातलं पाणी लपलप प्यायली. तिच्या मिशा बाळकृष्णाच्या डोक्याला लागत होत्या. किती दिवसांनी मी हसलो! मग देव बाहेर काढले, पुसले, जागेवर ठेवले. काही न मागता.

थंडी सरेपर्यंत ती उन्हात लोळली, पोटभर जेवली, दिवेलागणीला दाराशी बसली. मग एका दुपारी माझ्या मांडीवरच गेली. मी तिला आवळून धरलं नाही.

आता दिवेलागणीला दाराशी मी एकटाच असतो. पत्नी आणि तपकीर, दोघींची ओढ काही कमी होत नाही. त्या बाईंना माझ्या शेजारी बसवल्याबद्दल देवाचे आभार मानतो, आणि हात जोडतो, तेही सैलच.