जमिनीला न टेकलेला कलश

श्रावणातल्या एका सोमवारी माझे पती गेले. ते चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि मान खुर्चीच्या पाठीवर टाकली. मी ओट्यापाशी होते.

त्यानंतरही देवघरात दिवा लागत राहिला, पण तो लावताना मन त्यात नसे. मी पुस्तकांत रमणारी बाई; देवाशी बोलणे हे यांचे काम, असे आमच्या घरात न ठरवताच ठरले होते. आता बोलणाराच उरला नव्हता, आणि पलीकडे ऐकणारे कोणी आहे का, याची मला खात्री वाटेना.

यांची बँकेतून बदली झाली म्हणून आम्ही कोलकात्याला आलो आणि सॉल्ट लेकमध्येच राहून गेलो. इथली मोजकी मराठी कुटुंबे मिळून मार्गशीर्षात दत्तजयंती करतात. अभिषेकाचे पाणी माझे पती बागबाजारच्या घाटावरून आणत, तेही सायकलने. नियम एकच: गंगेत भरलेला कलश देवापुढे येईपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. परतल्यावर यांचा विनोदही ठरलेला असे. "पूर्वी मराठ्यांना अडवायला इथे खंदक खणला होता. आता रस्ते खणतात, ते सगळ्यांनाच अडवायला." लोक दरवर्षी हसत.

हे गेले त्या वर्षी यांचे एक मित्र घरी आले. म्हणाले, "वहिनी, यंदा पाणी गाडीतून आणू. तुम्ही नुसत्या आरतीला या."

"यांनी कधी गाडीतून आणलं होतं का, भाऊजी?"

"तो वेडा होता."

"मग ते वेड आमच्याच घरात राहू द्या."

त्यांनी जिन्याखालच्या सायकलची चाके दाबून पाहिली. मग म्हणाले, "निदान चाकांत हवा तरी मला भरू द्या."

वर्ष सरले नव्हते, घरात सण नव्हता. पण पाणी आणणे हा सण नव्हे, ते या घराचे काम आहे, असे मी मनाशी म्हटले. लग्नाआधी साताऱ्यात मी सायकल चालवत कॉलेजला जात असे. काही दिवस गल्लीत सराव केला, आणि दत्तजयंतीच्या पहाटे धुक्यात निघाले. घाटावर तांब्याचा कलश भरला, तोंडाला फडके बांधले आणि पुढच्या टोपलीत टॉवेलच्या चुंबळीवर नीट बसवला. माझे पती मात्र कलश गळ्यात झोळी बांधून छातीशी धरून आणत. ती त्यांची भक्ती, असे मी समजत आले होते. मला टोपली अधिक सोयीची वाटली.

कालव्याकाठच्या रस्त्याला लागले आणि सोय संपली. इथले रस्ते पावसाळ्यात उखडतात, दुर्गापूजेच्या आधी घाईने बुजवले जातात आणि थंडी पडेपर्यंत पुन्हा सुटतात. डांबराची साल निघालेली, खाली विटांचे तुकडे, वर कोरडी बारीक खडी. ब्रेक लावला की मागचे चाक सरकत होते. दव पडून कडा ओल्या झाल्या होत्या आणि धुक्यात खड्डा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नव्हता. प्रत्येक हादऱ्यासरशी फडक्यातून पाणी झिरपत होते. अशाच एका खड्ड्यात टोपलीचा पत्रा तुटला. मी पाय टेकून एका हाताने कलश धरला. दुसऱ्या हातात यांची सायकल. कलश खाली ठेवता येत नव्हता, सायकल आडवी टाकवत नव्हती, आणि एका हाताने ती चालवणे शक्य नव्हते. बोटे बधिर होऊ लागली. मी मनात म्हटले, "कोणी असेल, तर आता दिसू दे." यांच्यामागे ते माझे देवाशी पहिले बोलणे.

"दाओ मा, आमि धोरछि," दे, मी धरते, असे बंगालीत म्हणत कोणी तरी माझ्या हातातला कलश घेतला. धुक्यातून एक वृद्ध बाई आल्या होत्या. पायांत मोजे आणि चपला, कानांवरून मफलर, अंगावर तपकिरी शाल. मी घाईने म्हटले, "खाली ठेवू नका." त्या म्हणाल्या, "गंगेचं पाणी कोणी खाली ठेवतं का?" मग बोली ऐकून त्यांनी विचारले, मी कुठली. मी सांगितले.

"म्हणजे बर्गी!" एके काळी बंगालवर चालून आलेल्या मराठा घोडेस्वारांना इथले लोक बर्गी म्हणतात. "घोडा कुठाय तुझा?"

मी सायकलकडे बोट दाखवले. "हा. जरा लंगडतोय."

त्या मोकळ्या हसल्या. पाणी कोणत्या देवाला, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "दत्ताला. तीन तोंडांचा आमचा देव."

"तीन तोंडं म्हणजे सहा कान. एका कानाने तरी तुझं ऐकलंच असेल."

त्यांनी अंगावरची शाल काढली, माझ्या मानेमागे गाठ मारली आणि कलश छातीशी बसवला, तान्ह्या मुलाला बांधावे तसा. थंडीत शाल कशी घेऊ, असे मी म्हणाले. "पुढच्या थंडीत पाण्याला येशील ना? तेव्हा दे," म्हणत त्या घाटाच्या बाजूला चालू लागल्या.

मग मी सायकलवर बसले. रस्ता तोच होता, खड्डेही तेच. पण हादरा चाकातून माझ्या हातांत, खांद्यांत येऊन जिरत होता आणि छातीशी पाणी शांत होते. रस्त्याचे हादरे स्वतःच्या अंगावर घ्यायचे आणि पाण्याला लागू द्यायचे नाहीत, हे यांनी न सांगता इतकी वर्षे केले होते. देवावर सोपवणे म्हणजे हात सोडणे, असे मला वाटे. त्या सकाळी ते छातीशी घट्ट धरणे निघाले. यांचा मला इतका अभिमान त्यांच्या हयातीतही कधी वाटला नव्हता. आणि थोडा, आज लिहून ठेवते, माझाही.

उत्सवाच्या सभागृहाच्या दारात भाऊजी उभे होते. त्यांनी शालीकडे पाहिले, कलशाकडे पाहिले. म्हणाले, "आता तो खंदकाचा विनोदही तुम्हीच सांगा." मी सांगितला. लोक हसले, आणि काहींनी डोळे पुसले.

पुढच्या थंडीत शाल धुऊन त्याच वाटेने गेले. त्या भेटल्या नाहीत. यंदाही नाहीत.

आता घरात मी आहे, जिन्याखाली सायकल आहे, देवघराशेजारी ती शाल आहे. दत्तजयंतीचे पाणी मी आणते.