सालीवरून सुटणारा रंग

अमेरिकेतल्या डब्लिन गावाहून, लेकीच्या घरून, निघालो तेव्हाच माझी कंबर धरली होती. जेट लॅग अजून उतरला नव्हता. "आई, तू घरीच रेस्ट घे ना," गौरी म्हणाली. पण त्या मोठ्या घरात एकटीनं करायचं काय? बसले गाडीत.

माझी ही लेक म्युझियममधल्या जुन्या चित्रांची डागडुजी करते. शिकागोच्या बाजूला एका म्युझियममध्ये ऑस्ट्रेलियातल्या एक आदिवासी चित्रकार यायच्या होत्या. मक्याची कापलेली शेतं संपता संपेनात. त्यात एक एक्झिट चुकली. पोहोचलो तेव्हा दोघींचेही चेहरे उतरले होते.

आतल्या खोलीत टेबलावर झाडाची रुंद साल होती. तिच्यावर काव, पिवळी माती आणि कोळशानं रंगवलेला मोठा मासा. रंगाचे पापुद्रे सुटत होते. शेजारी खुर्चीत त्या चित्रकार, माझ्याच वयाच्या, प्रवासानं पाय सुजलेल्या. गौरी त्यांना 'आंटी' म्हणाली. मला वाटलं, ही आपली सवय. पण त्यांच्याकडेही वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात.

"हे माझ्या वडिलांनी काढलंय," त्या म्हणाल्या. "माझ्या जन्माआधीच विकलं गेलं."

रंग कशात कालवायचे, ते त्यांनी सांगितलं : ऑर्किडच्या देठाच्या रसात. गौरीनं पापुद्रे चिकटवायचा आपला पातळ गोंद काचेवर सुकवून दाखवला. आंटींनी बोट फिरवून पाहिलं.

"छान आहे. पण नको. साल जुनी झाली की जाते. आम्ही पुन्हा काढतो."

गौरीनं बाटलीला झाकण लावलं. एवढ्या लांब येऊन! मलाच रडू आलं.

आंटी मात्र उठल्या नाहीत. भिंग घेऊन माशाच्या पोटावरच्या बारीक रेघा बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "केसांच्या कुंचल्यानं एका दमात ओढायची ही रेघ. मला शिकवायच्या आधीच ते गेले." आणि गौरीकडे वळून, "माझ्या मुली येऊन बघेपर्यंत हा रंग धर. मग सोड."

"धरते, आंटी."

संध्याकाळपर्यंत गौरी एकेक पापुद्रा बसवत होती आणि आंटी दिवा धरून होत्या.

परतताना गौरी गाडी चालवत होती. मी विचार करत होते, जपायचं ते कुणीतरी शिकेपर्यंत. पुढे त्या वस्तूनं जायला हरकत नसावी.

"आई, तुला आजीसारखं चैत्रांगण येतं?"

"येतं गं. पण आता गुडघे टेकत नाहीत."

"तू खुर्चीत बसून सांग. गॅरेजमध्ये मी काढते."