बिनपत्तीचा चहा

ट्रिंग ट्रिंग! एक घंटी वाजली की तिच्या पाठोपाठ लगेच दुसरी. एकटी घंटी कधी वाजायचीच नाही.

परभणीत स्टेशनच्या रस्त्याला माझं सायकलचं दुकान होतं, तिथं हा आवाज मी वर्षभर ऐकला. आता दुकान नाही, पण ती जोडघंटी आठवली की किस्से निघतात. पंक्चरच्या दुकानात जुन्या ट्यूबा कोपऱ्यात साठतात ना, तसंच आहे हे. एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात!

त्या घंट्या दोन गोऱ्या पोरांच्या. विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चे निघायचे, त्या काळात ही पोरं अमेरिकेतून आली होती. मॉर्मन पंथाची. त्यांच्यात रीत अशी की तरुण पोरानं घर सोडून परमुलखात जायचं आणि दोन वर्षं लोकांना देवाचं सांगत फिरायचं. पांढरा सदरा, काळी पँट, गळ्यात टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. उंच तो हॅन्सन, बुटका तो वेल्स. सायकली माझ्याच दुकानातल्या.

संध्याकाळी माझ्या ओट्यावर बैठक असायची. शेजारचे गफूरभाई शिंपी, कचेरीतून रिटायर झालेले बापूसाहेब, आणि पुढं ही दोन पोरं. माझं घर दुकानाच्या मागंच. माय सगळ्यांसाठी ट्रेमध्ये चहा घेऊन यायची. त्यातला एक कप रोज भरलेलाच परत जायचा. तो बापूसाहेबांचा.

बापूसाहेब वालूरकडचे, मोठ्या शेतीवाडीचे. माणूस मोठ्या मनाचा. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या गडबडीत आमची वस्ती भ्यालेली होती, तेव्हा हाच माणूस माझ्या ओट्यावर दिवसभर काठी घेऊन बसला होता. पण आमचं घर बौद्धाचं. आमच्या घरचा चहा आला की, "आज पित्त हाय, माय." दुसऱ्या दिवशी, "आज उपास हाय." सकाळी समोरच्या हॉटेलातला चहा मात्र त्यांना चालायचा. ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

मी मायला म्हणायचो, "कशाला वततीस त्यांच्यासाठी?"

ती म्हणायची, "बसलेल्या मानसाचा कप भरायचा असतो. प्यायचा का न्हाई, ते त्याचं त्यानं बघावं."

* * *

दोन्ही पोरं एकमेकांना 'एल्डर' म्हणायची. एल्डर हॅन्सन, एल्डर वेल्स. गफूरभाईंनी एकदा विचारलं, याचा अर्थ काय? वेल्सनं सांगितलं, "वडीलधारा. बुजुर्ग."

गफूरभाईंनी चष्मा कपाळावर चढवला, वेल्सच्या ओठावरची लव निरखून बघितली आणि म्हणाले, "मियाँ, मूछ का ठिकाना नै, अन् बुजुर्ग? फिर मेरे को क्या बोलते तुम्हारे में? मरहूम?"

* * *

त्यांचा एक कडक नियम होता. दोघांनी कायम बरोबर राहायचं, एकानं दुसऱ्याला नजरेआड करायचं नाही. एकाची सायकल पंक्चर झाली की दुसराही उकिडवा बसायचा. एकजण दाढीला गेला की दुसरा तिथल्या बाकड्यावर.

एकदा पालमला जायला म्हणून दोघं एसटी स्टँडवर गेले. मी जागा धरायची आपली पद्धत त्यांना शिकवली होती : खिडकीतून रुमाल टाकायचा आणि गर्दीत घुसायचं. हॅन्सन रुमालापाठोपाठ स्वतःच खिडकीतून आत गेला! वेल्स सभ्यपणानं दाराशी रांग लावून उभा राहिला. रांगेत एकटाच. गाडी भरली, कंडक्टरनं डबल बेल मारली, गाडी निघाली. आत हॅन्सन ओरडतोय, बाहेर वेल्स टाय खांद्यावर टाकून पळतोय!

"थांबवा! आम्हाला वेगळं होण्याची परवानगी नाही!" हॅन्सनचं पुस्तकी मराठी.

कंडक्टर शांतपणे तिकीट फाडत म्हणाला, "इथं नवरा-बायकूची चुकामूक झाली तरी गाडी थांबत न्हाई. खाली बसा!"

शेवटी ड्रायव्हरलाच दया आली. वेल्स चढला तेव्हा अख्ख्या गाडीनं टाळ्या वाजवल्या.

* * *

मे महिना. परभणीचं ऊन म्हणजे डांबर चपलेला चिकटतंय असलं. आणि यांच्या गळ्यात टाय! वालूरचा एक म्हातारा शेतकरी सायकलीत हवा भरायला थांबला होता. बराच वेळ बघत राहिला.

"पोरांनो, ह्यो कासरा कुनी बांधला गळ्यात?"

हॅन्सन अभिमानानं म्हणाला, "आम्ही देवाच्या कामावर आहोत."

म्हातारा म्हणाला, "मंग बरोबर हाय. बैल नवा असला की मालक कासरा सोडत न्हाई."

* * *

आता चहाचं. त्यांच्या पंथात चहा-कॉफी वर्ज्य. आणि परभणीत चहा न घेता कुणाच्या दारातून उठणं म्हणजे भांडण करून उठणं! दिवसभरात दहा घरी "नको" म्हणून पोरं हैराण व्हायची.

आमच्या घरी पहिल्यांदा आली, तेव्हा मायनं ठेवणीतल्या कपबशा काढल्या. हॅन्सननं हात जोडले. "आम्ही घेत नाही."

माय दोन्ही कप उचलून आत गेली. पोरं गेल्यावर मला म्हणाली, "इतक्या लांबून आले, अन् त्यान्ला बी कळली वाटतं आपली जात."

दुसऱ्या दिवशी मी हॅन्सनला हळूहळू सगळं सांगितलं. कुणाच्या घरचं पाणी का पीत नसत, कप वेगळे का ठेवत. बापूसाहेबांचं नाव मात्र घेतलं नाही. तो कानापर्यंत लाल झाला. हातातली सायकल तिथंच टाकून मागं घराकडं पळाला. वेल्सला काही कळलं नव्हतं, पण नियम होता ना, म्हणून तोही पळाला!

हॅन्सन मायपुढं खाली फरशीवर बसला. "माय, तुमच्या घरचं आम्ही सगळं खातो. फक्त चहाची पत्ती नको."

माय म्हणाली, "एवढंच व्हय? मंग बिनपत्तीचा करते की!"

दूध, साखर, ठेचलेलं आलं. सोबत ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. पहिल्याच घासाला हॅन्सनच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"का रं लेकरा, माय आठवली का?"

हॅन्सन नाक पुसत म्हणाला, "आधी ठेचा. मग माय."

तेव्हापासून ट्रेमध्ये बिनपत्तीचे दोन कप वाढले.

* * *

पोरं आपल्या कामाला चुकत नसत. एकदा वेल्सनं मायला विचारलंच, "माय, तुम्ही आमच्या मार्गाला याल का?"

माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आमचं एकदा झालंय बाबा. छप्पन साली. लय वरसं लागली, लय त्रास झाला, पन एकदम बेस झालं. आता पुन्यांदा कोन उठतंय? तूच ये आमच्यात. जागा हाय."

वेल्स विचारात पडला. गफूरभाई ओट्यावरून ओरडले, "वेल्समियाँ, सँभाल के! आये थे लेने, देके जाते अब!"

* * *

एकदा नामांतराचा मोर्चा दुकानापुढून चालला होता. ही पोरं रस्त्याकडेला सायकली धरून उभी. आमच्या वस्तीतला एक मास्तर रांगेतून बाहेर आला आणि हॅन्सनच्या छातीवरची पट्टी वाचू लागला.

"हे काय हाय?"

"माझं नाव."

मास्तर माझ्याकडं वळून म्हणाला, "बघा दादाराव! आमी एका नावासाठी इतकी वरसं रस्त्यावर हावत, अन् हे नाव छातीला लावूनच आलेत!" आणि हसत घोषणा देत पुढं गेला.

* * *

मग पोरांची बदली आली. शेवटच्या संध्याकाळी दोघं ओट्यावर येऊन बसले. हॅन्सन फार उदास होता.

"वर्ष झालं," तो म्हणाला. आता त्याची बोलीही आमच्यासारखी झाली होती. "लय फिरलो. एक माणूस आमच्या मार्गाला आला न्हाई."

गफूरभाई म्हणाले, "दिल छोटा नक्को करो मियाँ." बापूसाहेबांनीही त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात माय ट्रे घेऊन आली. बिनपत्तीचे दोन, चहाचे तीन. सगळ्यांनी आपापले कप घेतले. ट्रे बापूसाहेबांपुढं आला.

"आज पित्त हाय, माय."

हॅन्सन त्यांच्याकडं बघतच राहिला. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळला, जसा काही इतक्या दिवसांचा हिशोब आत्ता जुळला. तो उठला आणि त्यानं बापूसाहेबांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"बापूसाहेब! तुमी रोज चहा सोडता! मी रोज बघतो! तुमी आमच्यातले हाव, अन् कधी बोलला न्हाईत?"

वेल्सही धावत आला आणि दुसरा हात हलवू लागला.

गफूरभाईंना ठसका लागला. माय ट्रे धरून तशीच उभी.

हॅन्सनचे डोळे भरून आले होते. "सांगा ना, बापूसाहेब. देवाची ही आज्ञा तुमी कधीपासून पाळता?"

बापूसाहेबांनी त्याच्याकडं बघितलं. मग मायकडं. मग आपला हात हळूच सोडवून घेतला आणि ट्रेमधला कप उचलला.

"नका!" हॅन्सन घाबरून ओरडला. "बापूसाहेब, इतक्या वर्षांचं मोडू नका!"

गफूरभाईंनी त्याचा टाय धरून त्याला खाली ओढलं. "बैठ मियाँ! चुप बैठ!"

बापूसाहेब चहा प्यायले. सावकाश, बशीत न ओतता, तळापर्यंत. कप ट्रेमध्ये ठेवला.

मायनं विचारलं, "साखर बरी झाली का, बापूसाहेब?"

बापूसाहेबांनी टोपी नीट केली, काठी घेतली, ओट्याच्या पायऱ्या उतरले आणि स्टेशनच्या रस्त्यानं चालू लागले.