बोंब ठोकणारा अँटिव्हायरस

गल्लीतले शिंपी तिला नक्षीवाली म्हणत. भरतकामाचं मशीन आपणहून काही भरत नाही. सुई कुठे टोचायची, दोरा कुठे तोडायचा, हे त्याला टाका-टाका सांगावं लागतं. ते सांगायचं काम हिचं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला घरचा कंप्युटर मांडलेला, आणि ही बाई माउसनं एकेक टाका टाकत वेली, फुलं, शाळांच्या गणवेशांवरची बोधचिन्हं उभी करत बसलेली. एकेका गुलाबाला आठवडा जाई. पाकळी वळते तिथे टाका आखूड घ्यावा लागतो, नाहीतर कापडाला चुणी पडते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कापडं वाया घालवून घालवून ती शिकली होती.

स्वभावानं ती रागीट नव्हती. ती डूख धरणारी होती, आणि यातला फरक तिच्या नवऱ्याला लग्नानंतर लवकरच कळला होता.

तिच्या धाकट्या दिराला घरात ‘साहेब’ म्हणत. कंप्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, त्यामुळे घरातल्या प्रत्येक तारेवर आणि बटणावर त्याचा जन्मसिद्ध हक्क. ‘वहिनी, कागदावरच्या नक्ष्या कशाला साठवता? सगळं आत आहे ना आता!’ असं म्हणून त्यानंच तिचे कागद रद्दीत घालायला लावले होते. एके दिवशी त्यानं पेन ड्राइव्हमधून कुठलासा सिनेमा घरी दाखवायला आणला, आणि दुसऱ्या दिवसापासून कंप्युटर येड्यासारखं करायला लागला. साहेब आले, खुर्चीत बसले, आणि ती बाजारातून परतायच्या आत सगळं पुसून कंप्युटर कोरा करकरीत करून मोकळे झाले.

‘माझ्या नक्ष्या?’ तिनं दारातच विचारलं. हातातली पिशवीसुद्धा तिनं खाली ठेवली नव्हती.

‘व्हायरस होता, वहिनी. फॉरमॅट मारावाच लागतो,’ तो म्हणाला. मग सासू-सासरे, जाऊ, नवरा अशा सगळ्यांच्या देखत हसून म्हणाला, ‘तुम्ही दिसेल त्यावर क्लिक करता ना, त्याचं हे फळ!’

सगळे हसले. नवराही हसला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती चहा ठेवायला आत गेली. त्या दिवशी तिनं गॅससमोर उभं राहून ठरवलं, की या माणसाचं नाक चारचौघांत कापायचं. याच टेबलापाशी, याच माणसांसमोर.

पुन्हा पहिल्यापासून पाकळ्या मांडण्यात काही महिने गेले. घरात नवा अँटिव्हायरस घ्यायचं ठरलं तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, ‘मी बघते. फुकटातला.’ विकतचा घ्यायचा म्हटलं की सल्ल्याला साहेब येणार, हे ती जाणून होती. नवऱ्यालाही बरंच झालं.

मग तिनं कंबर कसली. पहिला अँटिव्हायरस फुकट म्हणे, आणि आत शिरताच कार्डाचा नंबर मागू लागला. त्याला तिनं उंबऱ्यावरूनच परत पाठवला. दुसरा घडीघडी जाहिराती दाखवी. तिसऱ्यानं कंप्युटर असा जड केला, की एक टाका टाकला की तो उमटेपर्यंत भाजी चिरून व्हावी. एका वेळी दोन ठेवायचे नाहीत, ते एकमेकांच्याच उरावर बसतात, हे तिनं वाचलं होतं, म्हणून ती एक काढून मगच दुसरा घाली. उतरवून घ्यायचा तोही बनवणाऱ्याच्याच साइटवरून, आणि फुकटाबरोबर भलतंच काही गळ्यात मारणाऱ्या चौकोनातली बरोबरची खूण न विसरता काढून. एवढं सगळं ती शहाण्यासारखं करत होती. पण निवडायची कसोटी मात्र तिची स्वतःची होती, आणि ती कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात नव्हती.

चाचणीसाठी एक निरुपद्रवी खोटी फाइल मिळते. ती दिसली की अँटिव्हायरसनं ओरडायला हवं. तिनं प्रत्येकापुढे ती टाकली आणि कान देऊन ऐकलं. एकानं कोपऱ्यात गुपचूप चिठ्ठी दाखवली. एकानं नुसतं टुंग केलं. ‘मेल्या, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?’ असं म्हणून तिनं त्याला काढला. शेवटी एक असा सापडला, की फाइल दिसताच त्यानं आगीच्या बंबासारखा भोंगा वाजवला आणि वर एका बाईच्या खणखणीत आवाजात धोका असल्याचं बजावलं. शेजारीण धावत आली. नक्षीवालीनं त्याच दिवशी माळ्यावरचे मोठे स्पीकर काढून त्याला जोडले.

एक गोष्ट उरली होती. व्हायरस सापडला तर काय करायचं, हे तो विचारत होता: आधी विचारू, कोंडून ठेवू, की न विचारता पुसून टाकू? कोंडून ठेवणं उत्तम, असं त्यानंच सुचवलं होतं. पुसलेलं परत येणार नाही, हेही लाल अक्षरांत लिहिलं होतं. तिनं ते वाचलं. मग म्हणाली, ‘मला कुणी विचारलं होतं?’ आणि ‘न विचारता’वर खूण केली.

रविवारी सगळे जमले. साहेब सहलीचे फोटो घेऊन आले होते.

‘भावजी, इथेच लावा ना, पडदा मोठा आहे,’ ती इतक्या गोड आवाजात म्हणाली, की नवऱ्यानं दचकून तिच्याकडे पाहिलं.

पेन ड्राइव्ह आत गेला मात्र, भोंगा सुरू झाला. सासऱ्यांनी कानावर हात ठेवले. सासूबाई ‘अगं बाई, काय पेटलं?’ म्हणत उठल्या. साहेबांचा चेहरा पडला.

‘व्हायरस आहे,’ ती म्हणाली. ‘साहेबांच्या पेन ड्राइव्हमध्ये. दिसेल त्यावर कोण क्लिक करतं, ते कळलं ना सगळ्यांना?’

किती दिवस तिनं हे वाक्य घोटलं होतं! जाऊ तोंडावर पदर घेऊन हसली. नवराही हसला. आणि मग पुसलेल्या फाइलचं नाव पडद्यावर आलं. एकच मोठी फाइल होती. नाव होतं, ‘वहिनींच्या नक्ष्या’.

तिनं ते दोनदा वाचलं. ‘हे तुमच्याकडे कसं?’

‘अहो, हो की!’ साहेबांनी कपाळावर हात मारला. ‘फॉरमॅट मारायच्या आधी तुमचं सगळं एकत्र बांधून काढून ठेवलं होतं मी. द्यायचं राहूनच गेलं.’ मग त्यांना धीर आला. ‘म्हणजे व्हायरस तुमच्याच फाइलीत होता, वहिनी! आणि हे पुसण्याआधी विचारत कसं नाही?’

‘विचारू नको म्हणून मीच सांगितलं होतं,’ ती म्हणाली.

‘बघ, त्यानं बिचाऱ्यानं जपून ठेवलं होतं,’ नवरा म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

‘न विचारता’वर खूण करणारं बोट तिचंच होतं, याचं दुःख तिला झालं, आणि ते खोटं नव्हतं. पण इतके महिने तो तिच्या सगळ्या नक्ष्या खिशात घेऊन हिंडला, या घरात कितीदा तरी जेवून गेला, ती डोळे फोडून पुन्हा पाकळ्या मांडत बसलेली त्यानं पाहिली, आणि त्याला आठवण झाली नाही! त्यानं मुद्दाम पुसलं असतं, तर तिनं एक वेळ सोडून दिलं असतं.

‘भावजी,’ ती शांतपणे म्हणाली, ‘यात तुमच्या ऑफिसचंही आहे ना? आणखी काही घुसलंय का, बघून देते.’

‘बघा, बघा. सगळं त्यातच आहे माझं.’

बाकीचे जेवायला बसले तेव्हा तिनं त्याचं सगळं आपल्या कंप्युटरवर उतरवून घेतलं, पेन ड्राइव्ह कोरा केला आणि पदरानं पुसून त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. ‘वहिनी, यात काहीच नाही!’

‘व्हायरस होता ना. फॉरमॅट मारावाच लागतो.’

‘अहो, पण विचारायचं तरी!’

‘घाबरू नका. तुमचं सगळं आधी काढून ठेवलंय. देते.’

मग तो येऊ लागला. एकदा भरतकामाचा मशीनवाला नक्षीसाठी खोळंबला होता, एकदा तिला बाहेर जायचं होतं, एकदा कंप्युटर नुकताच बंद केला होता. नवऱ्यानं एकदा ‘देऊन टाक की’ म्हटलं. तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

शेवटी एका संध्याकाळी साहेब आले ते थेट टेबलापाशी येऊन उभे राहिले. बढतीचं ठरवायला उद्या वरिष्ठ बसणार होते, आणि त्यांना दाखवायचं वर्षभराचं काम त्या फाइलींत होतं. शर्ट घामानं भिजला होता. ‘वहिनी, आज तरी,’ तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चक्क कापला.

तिच्यासमोर पडद्यावर अर्धा गुलाब होता. जुन्या गुलाबाची वळणाची पाकळी काही केल्या आठवत नव्हती. तिनं दिराकडे नीट बघून घेतलं. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

‘अगं बाई!’ ती म्हणाली. ‘द्यायचं राहूनच गेलं की हो, भावजी,’ आणि तिनं पुढचा टाका टाकला.