झाकण उघडण्याआधीचा चहा

वसंतराव गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात सीएनसी मशीन चालू होतं. मी ते चालवणाऱ्या तानाजीला बातमी सांगितली. त्यानं लाल बटण दाबून मशीन थांबवलं आणि तिथंच उभा राहिला... ते बटण वसंतरावांनीच बसवलेलं.

वसंतराव माझे भागीदार. भांडवल माझं, वीज त्यांची, असं ते म्हणायचे, तेही साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. मोटरचा वेग हवा तसा कमीजास्त करणारा ड्राइव्ह आमच्याकडे नवा आला, तेव्हा त्या पेटीला हात लावायला सगळेच बिचकत. वसंतराव बिचकले नाहीत, पण घाईही करू देईनात. मोटरच्या जाड तारा आणि कंट्रोलच्या बारीक तारा त्यांनी वेगळ्या वाटांनी नेल्या. "ह्या जावा-जावा हायत. एका खोलीत ठिवल्या की कटकट." मशीन पळवण्याआधी ते थांबतंय का, हे बघायचे. ड्राइव्ह उघडायचा तर मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचे आणि सगळ्यांना चहाला बसवायचं. कप रिकामे झाल्याशिवाय झाकणाला हात नाही. स्वतः तर इतके रेंगाळत पीत, की आम्ही त्यांना चहाबाज म्हणून चिडवायचो.

एकदा ड्राइव्ह अडला आणि नेमका गिऱ्हाईक दारात टेम्पो लावून बसलेला. माल त्या दिवशी गेला नाही तर पुढची ऑर्डर जाणार, हे त्यानं बजावलं होतं. त्याच्या घाईनं तानाजी पेचकस घेऊन झाकणाला भिडला.

"ठेव त्यो खाली," वसंतराव गरजले. "पावणं, चहा घ्या."

"स्विच पाडलाय की. आता कसला करंट?" गिऱ्हाईक म्हणाला.

"चुलीतला जाळ वडला म्हणून तव्यावर हात ठेवशीला व्हय?"

मग पटवून द्यायला म्हणून, चहा यायच्या आधीच, रबरी हातमोजे घालून त्यांनी स्वतःच झाकण काढलं आणि जोडून ठेवलेल्या दोन बल्बांच्या तारा आत टेकवल्या. वीज तोडलेल्या पेटीवर ते बल्ब भक्कन पेटले... आणि मंद होत विझले. तानाजी आपल्या बोटांकडं बघत राहिला.

"तुमचा माल उद्या जाईल," वसंतराव गिऱ्हाइकाला म्हणाले. "ह्याचा हात कुठनं आणू?"

माल दुसऱ्या दिवशी गेला. ऑर्डरही गेली. वसंतरावांनी तिचं नाव पुन्हा काढलं नाही. असा भागीदार मिळायला भाग्य लागतं, हे आज मोकळेपणानं लिहितो.

त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा वहिनींना म्हणालो, "एवढा चहाबाज माणूस मी बघितला नाही."

वहिनी माझ्याकडं बघतच राहिल्या. "चहा? घरात शिवत न्हवते चहाला. पित्तानं हैराण व्हायचे."

परवा ड्राइव्ह पुन्हा अडला. तानाजीनं स्विच पाडला, फ्यूज खिशात टाकले आणि कुणाला न विचारता चहा सांगितला. कान तुटलेला वसंतरावांचा कप खिडकीत पालथा घातलेला आहे. आम्ही आपापले कप घेऊन बसलो. मला एरवी चहा घटाघट प्यायची सवय. त्या दिवशी तो संपेचना...