विंगेतला माउस

नाटकातल्या ज्या माणसांना प्रेक्षक कधीच पाहत नाहीत, त्यांत आमचे शेजारी भाऊ. ते विंगेत बसून आवाज देतात. दारावरची बेल, पाऊस, मोटार, रडणारं मूल, सगळं आता लॅपटॉपमध्ये असतं आणि माउसच्या एका क्लिकवर रंगमंचावर येतं. मी रंगमंच सोडला तेव्हा ते चाळिशीत होते. आता साठी उलटूनही सहा वर्षं झाली. वहिनी गेल्या, मुलगा परदेशात. समोरच्या दारात ते, या दारात मी.

गेल्या महिन्यात दिग्दर्शिकेनं त्यांना बाजूला घेतलं. पोरगी त्यांच्या मुलाच्या वयाची, पण शब्दाला पक्की.

"काका, दुसऱ्या अंकात सगळं थिएटर चिडीचूप असतं, आणि बेलच्या आधी तुमच्या माउसची टिक् पहिल्या रांगेपर्यंत जाते. पुढच्या प्रयोगालाही गेली, तर मी आवाज मागच्या खोलीतून घेणार. तुम्ही आराम करा."

आराम म्हटलं की भाऊंना धडकी भरते. घरी आरामाशिवाय दुसरं आहे काय?

की-बोर्डची कळ तर माउसहून मोठ्यानं वाजते. म्हणून त्यांनी भारीतला माउस मागवला. वायर नाही, क्लिकला आवाज नाही, पसंत पडला नाही तर सात दिवसांत परत. प्रयोग सहाव्या दिवशी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. त्यांनी मला खिडकीशी खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराआड गेले.

"ऐकू आलं की हात वर करा, ताई."

मी नायिका बसेल तशी बसले, मान किंचित कलती ठेवून. हात काही वर गेला नाही.

"वीसदा दाबलं," ते बाहेर येऊन म्हणाले.

"छान. काहीच ऐकू आलं नाही."

"पण तुम्हाला दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही."

"मग मला कशाला बसवलंत?"

"दुसरं कोण आहे?"

दोघंही हसलो. शेवटी त्यांनी खुर्चीवर मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग केलं. भूमिका हातची गेल्याचं दुःख मला अजून आहे.

खोट सापडली ती चौथ्या दिवशी. हलवला नाही तर हा माउस दहा मिनिटांत झोपी जातो, बॅटरी वाचवायला. आणि जागा व्हायला क्षणभर घेतो. दुसऱ्या अंकात नायिका अकरा मिनिटं नुसती वाट पाहत बसते, एकही आवाज नसतो. म्हणजे नेमक्या बेलच्या वेळी स्वारी घोरत पडणार. भाऊंनी उपाय काढला. तळव्याखाली तो सारखा इवलासा हलवत राहायचं. दोन दिवस ते घड्याळ लावून अकरा-अकरा मिनिटं सराव करत बसले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "ठेवा तिथं. आत्ता मी ड्यूटीवर आहे."

प्रयोग दुपारचा होता. मी पहिल्या रांगेत. माझ्या कानांचा भरवसा नाही, म्हणून शेजारच्या बाईंना सांगून ठेवलं होतं, टिक् झालं तर मला कोपर मारा. अकरा मिनिटं गेली. कोपर लागलं नाही. बेल वाजली आणि नायिका अशी दचकली की मांडीवरची शाल घसरून खाली पडली. तिच्याबरोबर सगळं थिएटर दचकलं.

पडदा पडल्यावर मी विंगेत गेले. दिग्दर्शिका खुशीत होती. "काका, आज तुम्ही तिथं आहात असं वाटलंच नाही."

भाऊंनी मान लववली. काम टिकलं होतं.

नायिका मेकअप पुसत आली. "भाऊ, आज मी खरोखर दचकले हो. एरवी तुमची टिक् आली की मी श्वास घेते, मग बेल. आज तिथं अगदी एकटी पडल्यासारखं झालं. जुना लावा ना."

"मुळीच नाही," दिग्दर्शिका म्हणाली. "ते दचकणंच मला हवंय."

भाऊंनी लॅपटॉप मिटला. माउस बंद करून त्यांनी डब्यात ठेवला.

घरी परतताना ते जिन्यात थांबले. "ताई, मला वाटायचं मी विंगेतून नुसते आवाज पाठवतो. कुणीतरी माझ्या टिक्‌वर श्वास घेत होतं, हे आज कळलं. आणि आजच ते बंद झालं."

मी त्यांचा हात दाबला.

सात दिवस उलटले, माउस परत गेला नाही. दुकानाकडून मोबाइलवर विचारणा आली, रोजच्या वापरासाठी माउस कसा वाटला? भाऊ फोन घेऊन माझ्याकडे आले.

"काय लिहू? प्रयोग तर महिन्यातून दोन."

"खरं ते लिहा."

त्यांनी चष्मा वर सरकवला, एका बोटानं सावकाश टाइप केलं आणि पाठवण्याआधी मला दाखवलं.

'आवाज करत नाही. झोपू दिला नाही तर वेळेवर काम करतो. रोजचं सांगता येत नाही.'